बांधावरचा चेंडू

महाविद्यालयात असताना मी अंबाजोगाईला तीन वर्षे व्हॉलीबॉल खेळले. त्या तीन वर्षांत रोटेशन, म्हणजे खेळाडूंनी ठरलेल्या क्रमाने एकेक जागा सरकत फिरणे, आपल्याला खऱ्या अर्थाने कधी समजलेच नव्हते, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले, जेव्हा केज तालुक्यातील आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मी हातात खडू घेऊन आठ मुलींसमोर उभी राहिले. खेळाडू म्हणून मी डावीकडून स्मॅश मारत असे. कर्णधार ओरडून सांगेल तिथे उभी राहत असे आणि समोरून सर्व्हिस झाली की माझ्या नेहमीच्या जागेकडे धाव घेत असे. एवढ्यावर माझे भागत होते. परंतु आपली एक जागा माहीत असणे वेगळे आणि सहाही जणींच्या जागा एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत हे माहीत असणे वेगळे, आणि शिकवणाऱ्याला यातले दुसरे आल्याखेरीज एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

मी शाळेत गणित शिकवते. मुलींचा संघ उभा करायचे ठरले तेव्हा पूर्वी हा खेळ खेळलेली शिक्षिका मीच होते, म्हणून हे काम माझ्याकडे आले आणि मी ते आनंदाने घेतले. मुलींना चेंडूचे वावडे नव्हते. आमच्या भागातील गावांत संध्याकाळी जाळी बांधून पोरे शूटिंग, म्हणजे व्हॉलीबॉलचाच एक प्रकार, खेळतात, आणि यातल्या बहुतेक मुलींनी आपापल्या भावांचा खेळ पाराजवळ उभे राहून वर्षानुवर्षे पाहिला होता. मात्र आमच्या गावात जसे शूटिंग खेळतात त्यात ज्याची जागा त्याचीच असते; जाळीजवळचा जाळीजवळ राहतो आणि मागचा मागे. त्यामुळे चांगला मारणारा गडी जाळी सोडून मागे का जातो आणि ज्याला मारता येत नाही तो पुढे का येतो, हे मुलींना पटेना. एकीने मला सरळ विचारले, "मॅडम, ती उंच हाये तर तिला मागं कामून पाठवायचं?" प्रश्न योग्य होता. सहाही जणींनी पुढचे आणि मागचे, दोन्ही काम करावे हाच रोटेशनचा हेतू आहे, हे तिला सांगितले. पण ते तिच्या गळी उतरायला महिना लागला.

पहिली अडचण आकड्यांची होती. मैदानाच्या आपल्या अर्ध्या भागात सहा जागा असतात. मागची उजवी जागा एक, तिच्या पुढची जाळीजवळची दोन, मधली तीन, डावीकडची चार, तिच्या मागची पाच आणि मागची मधली सहा. म्हणजे आकडे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वाढत जातात आणि खेळाडू मात्र काट्यांच्या दिशेने फिरतात. दोन नंबरची मुलगी एकवर येऊन सर्व्हिस करते, एकची सहावर जाते, सहाची पाचवर. मी आकड्यांपासून सुरुवात केली ही माझी चूक होती, कारण एकानंतर दोन येतात हे लहानपणापासून पाठ असलेल्या मुली प्रत्येक वेळी उलट्या निघत. शेवटी आकडे बाजूला ठेवून मी त्यांना प्रदक्षिणेची आठवण दिली. योगेश्वरीच्या देवळात आपण फिरतो तेव्हा उजवा हात देवीकडे असतो. मैदानाच्या मधोमध देव आहे असे समजा आणि उजवा हात त्याच्याकडे ठेवून एक जागा पुढे सरका. त्या दिवसानंतर दिशा कधी चुकली नाही. आकडे मागाहून, पंचांना देण्याची चिठ्ठी भरण्याच्या निमित्ताने शिकवले. फिरायचे केव्हा, हे त्या मानाने लवकर समजले : समोरच्या संघाची सर्व्हिस असताना ती फेरी आपण जिंकली आणि सर्व्हिस आपल्याकडे आली, तरच फिरायचे, आपलीच सर्व्हिस असताना गुण मिळाला तर जागचे हलायचे नाही.

खरा घोळ त्यापुढे होता आणि तो माझ्या हावेमुळे झाला. 2022 साली सुरू झालेली प्राइम व्हॉलीबॉल लीग मी पाहत आले आहे आणि मोठे संघ एकच सेटर ठेवून पाच मारणारे खेळवतात, हे पाहून आपणही तसेच करावे असे माझ्या मनाने घेतले. सेटर म्हणजे चेंडू उचलून देणारी, जिला आमच्याकडचे जुने खेळाडू बूस्टर म्हणतात. सेटर एकच असली की ती सहा जागांवरून फिरते, आणि ती मागच्या ओळीत असताना तिला सर्व्हिस घेण्यापासून दूर लपवून, चेंडू उडताच पुढे धावता येईल अशा बेताने उभे करावे लागते. सहा फिरत्यांच्या सहा निरनिराळ्या मांडण्या मी फुलस्केप कागदावर रंगीत पेनांनी काढल्या, त्यांच्या झेरॉक्स वाटल्या आणि पाठ करायला सांगितल्या. मुलींनी त्या पाठ केल्याही. मैदानावर मात्र चौथ्या फिरतीला सहाही जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या, कारण पाठ केलेला कागद त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि शेजारी उभी असलेली मैत्रीण त्या कागदात नव्हती.

श्रावणात पाऊस लागून राहिला. आमच्या मैदानावर मुरूम टाकलेला असला तरी कडेची काळी माती वाहून येते आणि चपलेला चिकटून पाय मणभर जड होतो. आठवडाभर खेळ बंद होता, आणि तो आठवडा आम्ही व्हरांड्यात चिंचोके घेऊन काढला. फरशीवर खडूने नऊ मीटरचा चौकोन नऊ वितींचा करून काढला, जाळीपासून तीन वितींवर हल्ल्याची रेषा ओढली आणि सहा चिंचोके मांडले. त्यातले दोन मुलींनी फरशीवर घासून एका बाजूने पांढरे केले, ते आमचे सेटर. मी एका सेटरचा हट्ट सोडला होता. दोन सेटर समोरासमोर, म्हणजे एकमेकींपासून तीन जागांच्या अंतरावर ठेवल्या की त्यांतली एक नेहमीच पुढच्या ओळीत असते. ती दोनवर असते, तीनवर असते किंवा चारवर असते. याचा अर्थ सर्व्हिस घेण्याच्या मांडण्या तीनच उरतात आणि चौथ्या फिरतीपासून त्याच पुन्हा येतात, फक्त सेटर बदलते. पुढची सेटर जाळीला लागून उभी राहते आणि उरलेल्या पाच जणी इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारख्या उभ्या राहतात : तिघी पुढे, दोघी त्यांच्या मागच्या फटींत. ही मांडणी जुनी आहे, मोठ्या संघांनी कधीच टाकून दिली आहे, परंतु ज्या मुलीला नऊ मीटर रुंदीतला तिसरा हिस्सा एकटीने राखता येत नाही तिच्यासाठी ती आजही सर्वांत रास्त मांडणी आहे, असे माझे मत झाले आहे.

चिंचोक्यांशी खेळताना मला जागेच्या नियमाचा खरा अर्थ उमगला. समोरची सर्व्हिस करणारी चेंडूला हात लावते त्या क्षणी, सर्व्हिस घेणाऱ्या संघातल्या प्रत्येकीने ठरलेल्या क्रमात असायला हवे, असे नियम सांगतो. पण हा क्रम मैदानावरच्या ठिकाणांचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. एक नंबरच्या मुलीला दोनच गोष्टी पाहायच्या असतात : दोन नंबरची माझ्या पुढे आहे ना, आणि सहा नंबरची माझ्या डावीकडे आहे ना. पाच नंबरची कुठे उभी आहे याच्याशी तिचा काही संबंध नाही. कोपऱ्यातल्या चौघींना असे दोन-दोन शेजार असतात आणि मधल्या दोघींना, तीन आणि सहा नंबरला, तीन-तीन. हे सगळे पायांवरून ठरते, हात किंवा डोके कुठे आहे यावरून नाही. आणि हे बंधन क्षणभराचे असते. समोरच्या हाताची चेंडूवर थाप वाजली की ते संपते आणि ज्याला जिथे जायचे तिथे जाता येते. मुलींना मी एवढेच सांगितले, की थाप वाजेपर्यंत शेजार आणि थाप वाजली की रान मोकळे. त्या झेरॉक्स मी परत मागून घेतल्या.

यातून एक गाठ लगेच सुटली. सेटर तीनवर असते तेव्हा डब्ल्यूमध्ये मधोमध पुढे येऊन उभे राहण्याचे काम सहा नंबरच्या मुलीकडे येते. आमची सहा नंबरची मुलगी काही केल्या पुढे येईना. आपण मागच्या ओळीतल्या, मग एक आणि पाच नंबरच्या पुढे कसे जायचे, असे तिला वाटे. पण एक आणि पाच हे तिचे डावे-उजवे शेजारी आहेत, त्यांच्या पुढे किती जायचे याला मर्यादा नाही. पुढे-मागे हिशेब फक्त तीन नंबरशी, आणि ती तर जाळीला चिकटून उभी आहे. हे चिंचोक्यांवर दाखवल्यावर ती स्वतःच म्हणाली, "म्हंजे ती जाळीपाशी गेली की माझं सगळं रान मोकळं." मी सरावाच्या वेळी प्रत्येक फिरतीनंतर मुलींना मोठ्याने शेजारणींची नावे घ्यायला लावू लागले : पुढे अमुक, डावीकडे तमुक. चेंडू नाही, धावणे नाही, फक्त टाळी वाजली की एक जागा सरकायचे आणि नावे घ्यायची. दहा मिनिटांचा हा उद्योग बाहेरून पाहणाऱ्याला पोरखेळ वाटेल, पण सेटरांच्या सहाही फिरत्या आमच्या संघाला त्यातूनच आल्या.

आता या लेखाच्या नावाकडे येते. पाऊस उघडल्यावर आम्ही फक्की मारून मैदान आखले आणि पलीकडून मी स्वतः सर्व्हिस करू लागले. मुली योग्य जागी उभ्या होत्या, शेजार बरोबर होता, आणि तरीही चेंडू दोघींच्या मधोमध धपकन पडत होता. दोघी एकमेकींकडे पाहत, दोघी थांबत. कधी दोघी धावत आणि डोक्याला डोके लागे. एकदा असा चेंडू पडल्यावर मी विचारले, हा कोणाचा होता? दहावीतली एक मुलगी, जिच्या घरच्यांचे शेतावरून भावकीशी बरेच दिवस भांडण चालले आहे, पटकन म्हणाली, "मॅडम, तो बांधावरचा हाये. बांधावरचं झाड कुणाचं, तसंच हे." सगळ्या हसल्या, पण मला हवा असलेला शब्द तिने दिला होता. मराठवाड्यात बांध कोरणे म्हणजे काय आणि त्यावरून काय काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलीला सांगावे लागत नाही. त्या दिवशी आम्ही मैदानावरचे बांध मोजले. पाच जणींच्या डब्ल्यूमध्ये पुढच्या तिघींत दोन बांध, मागच्या दोघींत एक, आणि पुढच्या-मागच्यांमध्ये चार, एकूण सात. चेंडू सरळ एखादीच्या अंगावर आला तर तो उचलला जातो. चांगली सर्व्हिस करणारी तसे करीतच नाही, ती या सातांपैकी एका बांधावर टाकते.

मग प्रत्येक बांधाची वाटणी आधीच करून टाकली. पुढची आणि मागची यांच्या मधला चेंडू छातीच्या वर येत असेल तर पुढचीने हात लावायचाच नाही, बाजूला वळून मागचीला वाट द्यायची. छातीच्या खाली येत असेल तर तो पुढचीचा. डाव्या-उजव्यांच्या मधला चेंडू दोघींपैकी जिचे अंडरहँड, म्हणजे दोन्ही हात जोडून चेंडू खालून उचलणे, पक्के आहे तिचा, आणि ते नाव सर्व्हिस होण्याआधी घ्यायचे, चेंडू हवेत असताना नव्हे. जी घेणार ती "माझा" म्हणून ओरडणार आणि दुसरी तिच्या मागे सरकणार. मुली शाळेत मोठ्याने बोलायला कचरतात. मैदानावर "माझा" म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. त्यातली सर्वांत शांत मुलगी पहिल्यांदा पोटातून "माझा!" म्हणाली तेव्हा व्हरांड्यात बसलेल्या शिपाईमामांनीही मान वर करून पाहिले. चेंडू तिच्या हातांवरून सुटून कुंपणाकडे गेला, पण मला त्याचे काही वाटले नाही.

बांध मोजल्यामुळे मोठे संघ कमी खेळाडूंनी सर्व्हिस का घेतात याचेही उत्तर मिळाले. तिघी एका ओळीत उभ्या राहिल्या तर बांध दोनच उरतात. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या पुरुष संघाने तर सर्व्हिस घेण्याचे बहुतेक सगळे काम कार्च किराली आणि आल्डिस बर्झिन्स या दोघांवरच सोपवले होते. म्हणजे बांध एकच, आणि तोही एकमेकांच्या सवयी ओळखणाऱ्या दोघांमधला. बांध कमी झाले की गोंधळ कमी होतो, पण प्रत्येकाचे शेत मोठे होते आणि ते राखायला पाय लागतात. माझ्या संघात असे पाय असलेल्या दोघी आहेत, तिसरी अजून नाही. म्हणून सध्या आम्ही पाचांवरून चारांवर आलो आहोत : जिचे हात अजून कच्चे आहेत तिला सेटरबरोबर जाळीकडे नेतो किंवा मागच्या रेषेवर ठेवतो आणि उरलेल्या चौघी अर्धवर्तुळात उभ्या राहतात. पुढच्या वर्षी तिघींवर येऊ शकू असा माझा अंदाज आहे.

तालुक्याच्या सामन्यात आम्ही हरलो, आणि ज्या चुकीने हरलो ती लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. तिसऱ्या, पंधरा गुणांच्या सेटमध्ये गुण बरोबरीत होते आणि आमची सेटर चार नंबरवर होती. चारवरच्या सेटरला डावीकडे उभे राहावे लागते, आणि तिला चेंडू उचलून द्यायचा असतो जाळीच्या मध्यापासून किंचित उजवीकडे. म्हणजे थाप वाजल्यावर तिला चार-पाच पावले धावायची असतात. दोनदा ती उशिरा पोहोचली होती, म्हणून घाईघाईने ती थाप वाजण्याआधीच सरकून तीन नंबरच्या उजवीकडे गेली. आमच्या बाजूच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या पंचांनी शिटी वाजवली आणि तर्जनी हवेत गोल फिरवली. गुण गेला. दोन फेऱ्यांनंतर तीच मुलगी, तीच चूक, तीच खूण. रडवेल्या चेहऱ्याने तिने माझ्याकडे पाहिले. तिचा दोष नव्हता. तिला डाव्या रेषेजवळ उभे राहायला मी शिकवले होते, शेजार सांगून झाल्यावरही या एका जागेपुरती मी ठिकाणालाच चिकटून राहिले होते.

घरी परतताना जीपमध्ये तिनेच उपाय सांगितला. सीटवर बोटाने जागा काढून ती म्हणाली, मी तीन नंबरच्या डावीकडे असले म्हणजे झाले ना, मग मी डावीकडे जाण्यापेक्षा तीन नंबरनेच उजवीकडे यावे. उत्तर अगदी बरोबर होते. तीन नंबरची मध्यापासून थोडी उजवीकडे सरकली आणि दोन नंबरची उजव्या रेषेजवळ गेली की सेटरला जाळीच्या जवळजवळ मध्यावर उभे राहता येते. डावीकडे जी मोकळी जागा उरते ती पाच नंबरची पुढे येऊन राखते, कारण तिला फक्त सेटरच्या मागे आणि सहा नंबरच्या डावीकडे असायचे आहे. पाच पावलांची धाव दोन पावलांवर आली. दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्ही ते करून पाहिले आणि तेव्हापासून ती फिरती आमची सर्वांत चांगली फिरती झाली आहे.

दसऱ्यानंतर मात्र संघ पुन्हा नव्याने मांडावा लागला. आमच्याकडे त्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. संघातल्या तिघींचे आईवडील कारखान्यांकडे गेले; दोघी आजीजवळ राहिल्या, आणि तिसरीला, माझ्या दोन चांगल्या पायांपैकी एकीला, धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी बरोबर जावे लागले. मी तिच्या घरी जाऊन आले, हंगामी वसतिगृहाचे बोलले; पण घरात तान्हे मूल होते आणि त्याच्याजवळ थांबायला दुसरे कोणी नव्हते. ती चैत्रात परत येईल. तिच्या जागी मी आठवीतली एक मुलगी घेतली, जिने तोवर फक्त कुंपणाबाहेर गेलेले चेंडू आणून दिले होते.

पहिल्या दिवशी मी तिला काहीच समजावले नाही, सहा नंबरवर उभी केली आणि सर्व्हिससाठी पलीकडे गेले. तिने आधी पुढे पाहिले, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि हलक्या आवाजात तीन नावे घेतली. चेंडू वर टाकण्यासाठी मी हात उचलला, तेवढ्यात ती उजवीकडच्या दहावीतल्या मुलीला म्हणाली, "ताई, थोडं तिकडं सरक. हा बांध माझा हाये."

ताई सरकली.